तीन गावं, दोन रात्री: गावं मिळून पर्यटन करतात म्हणजे नक्की काय करतात

एक नेहमीचं चित्र घ्या. डोंगरातलं एक गाव, जवळ धबधबा. शहरातून चौघंजण गाडी काढून सकाळी निघतात, अकराच्या सुमाराला पोचतात, धबधब्यात भिजतात, फोटो काढतात, दुकानातून पाण्याच्या दोन बाटल्या घेतात आणि चारच्या आत परतीच्या रस्त्याला लागतात, कारण आता बघायला काही उरलेलं नसतं. झोपतात शहरात, जेवतात शहरात, पेट्रोल भरतात शहरात. गावाला मिळतो तो दोन बाटल्यांवरचा नफा आणि मागे राहिलेला कचरा. अशा दिवसाला पन्नास गाड्या यायला लागल्या तरी गावाचं फार काही बदलत नाही, फक्त रस्ता जाम होतो, आणि मग लोक म्हणायला लागतात की पर्यटन वाढलं म्हणतात पण पैसा कुठे दिसत नाही.

पर्यटनाचा हिशोब फिरून फिरून एका गोष्टीवर येतो, माणूस रात्री कुठे झोपला. जिथे झोपतो तिथेच तो दोन-तीन वेळा जेवतो, तिथल्या लोकांशी गप्पा मारतो, सकाळी तिथलाच कुणी वाटाड्या घेऊन फिरायला निघतो, जाताना तिथलंच काहीतरी विकत घेतो. आणि मुक्काम कधी पडतो? एका दिवसात बघून होत नाही तेव्हा. समजा एका गावात धबधबा आहे, पाच किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात विणकरांची घरं आहेत, त्याच्या पलीकडच्या गावात रात्री इतका गडद अंधार असतो की आकाशगंगा डोळ्यांनी दिसते. तिघांनी आपापली वेगळी जाहिरात केली तर तिघांच्याही वाट्याला अर्ध्या दिवसाचे पाहुणे. तिघांनी मिळून एक वाट आखली, पहिली रात्र इथे, दुसरी तिथे, तर दोन मुक्काम. नवीन काही बांधलं नाही, जे सुटं सुटं होतं ते फक्त जोडलं. प्रादेशिक पर्यटन, म्हणजे एका गावाऐवजी अख्खा परिसर लोकांसमोर मांडणं, ही कल्पना मुळात एवढीच आहे, आणि इथपर्यंत सगळ्यांना पटतं. अडतं ते पुढे.

अडतं कशावर तर तीन गावांमधली वाट साफ कोण करणार, पाट्या कोण लावणार, फोन कोण उचलणार, फोटो आणि वेबसाइटचा खर्च कोण देणार. कारण यातली प्रत्येक गोष्ट सगळ्यांच्या उपयोगाची आहे आणि ज्याने एक पैसा दिला नाही त्याच्याही उपयोगाची आहे. पाटी बघून पाहुणा आला की तो वर्गणी दिलेल्या घरात उतरेल असं काही नाही, रस्त्याच्या कडेला ज्याचं लॉज आहे त्याच्याकडेही उतरेल, आणि त्या माणसाने ना मीटिंगला हजेरी लावलेली असते ना पावसाळ्यानंतर वाटेवरचं गवत कापलेलं असतं. आयत्या बिळावर नागोबा. दोन वर्षं असं झालं की बाकीचे पण म्हणतात, आम्हीच का मरायचं? मग वाट गवतात जाते, पाट्या गंजतात. लोक याला गावकीचं राजकारण म्हणून सोडून देतात, पण मला ते बरोबर वाटत नाही. माणसं वाईट असतात म्हणून हे होत नाही, मांडणीच अशी असते की प्रामाणिक माणसालाच भुर्दंड बसतो, आणि मांडणी बदलता येते.

हा प्रश्न पर्यटनापेक्षा खूप जुना आहे. सामाईक कुरण, सामाईक जंगल, पाटाचं पाणी, सगळीकडे हाच. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासक बाईंनी आयुष्यभर हेच बघितलं की सामाईक गोष्टी काही ठिकाणी शेकडो वर्षं नीट चालतात आणि काही ठिकाणी चार वर्षांत उजाड होतात, असं का. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांनी दिलेल्या उदाहरणांपैकी एक स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल नावाच्या डोंगरी गावाचं आहे. तिथल्या लोकांनी सामाईक कुरण कसं वापरायचं याचा करार १४८३ साली लिहून ठेवलाय, आणि १५१७ च्या नियमांत एक अतिशय साधी अट आहे, हिवाळाभर जेवढ्या गायींना तुम्ही घरी पोसू शकता तेवढ्याच गायी उन्हाळ्यात वरच्या कुरणावर पाठवायच्या. म्हणजे कुणी बाहेरून शंभर गायी विकत आणून दोन महिने फुकट चारून घेऊ शकत नाही. हा नियम लक्षात ठेवा, पुढे परत लागेल.

ऑस्ट्रॉम बाईंच्या अभ्यासातून जे निघालं ते पर्यटनाला लावून बघितलं तर असं दिसतं की पैसा यायच्या आधी काही गोष्टी ठरलेल्या लागतात. आत कोण आणि बाहेर कोण हे स्पष्ट हवं. नियम ज्यांना पाळायचे आहेत त्यांनीच बनवलेले हवेत. लक्ष ठेवणारं कुणीतरी हवं आणि ते गावातलंच हवं. चूक केली तर पहिल्यांदा छोटा दंड, परत केली तर मोठा, एकदम हाकलून देणं नको. भांडण झालं तर ते मिटवायची जागा जवळ आणि स्वस्त हवी, कोर्टाची पायरी नको. वाचायला हे साधं वाटतं पण बहुतेक ठिकाणी सुरुवात उलट्या बाजूने होते, आधी लोगो, मग उद्घाटन, मग पाहुणे, आणि पैशाची वाटणी कशी करायची हा विषय पहिलं भांडण झाल्यावर निघतो.

नामिबियाने हे कायद्यातच बसवलं. १९९६ साली तिथल्या कायद्यात बदल होऊन सामाईक जमिनीवर राहणाऱ्या लोकांना संवर्धन क्षेत्र, तिकडे त्याला कॉन्झर्व्हन्सी म्हणतात, स्थापन करून तिथल्या वन्यजीवांतून आणि पर्यटनातून उत्पन्न मिळवायचा हक्क मिळाला. पण हक्क मागायला जायच्या आधी गृहपाठ करावा लागतो: सदस्यांची यादी, शेजाऱ्यांनी मान्य केलेली हद्द, निवडलेली कमिटी, घटना म्हणजे लेखी नियम, आणि उत्पन्न कसं वाटणार याची योजना. त्यातली हद्द मला फार महत्त्वाची वाटते. शेजारच्या वस्तीशी बसून ही आमची हद्द ही तुमची हद्द असं ठरवावं लागतं, त्यात वेळ जातो, कधी कधी वर्षं जातात, पण ते एकदा झालं की नंतर बाहेरची कंपनी लॉज टाकायला आली तर तिला एकेका माणसाला गाठून स्वस्तात करार करता येत नाही, सगळ्यांशी मिळूनच बोलावं लागतं. १९९८ मध्ये पहिल्या काही क्षेत्रांची नोंदणी झाली, आज ती ८० च्या वर आहेत.

आता पैशाकडे येऊ, कारण खरी गाठ तिथेच आहे.

पहिला शब्द समजून घ्या, गळती. पाहुण्याने खर्च केलेल्या पैशातला किती भाग परिसरात राहतो आणि किती बाहेर जातो. हॉटेल बाहेरच्याचं, भाजी शहरातून आलेली, बुकिंग ॲपचं कमिशन, ड्रायव्हर बाहेरचा, तर गावात खोल्या भरलेल्या दिसतात आणि पैसा मात्र गावातून नुसता येऊन जातो. एकट्या गावाला गळती थांबवणं अवघड असतं कारण त्याच्याकडे सगळंच नसतं, एका गावात भाजी पिकते, दुसऱ्यात गाड्या आहेत, तिसऱ्यात सुतार आहेत. गावं एकमेकांकडून माल आणि कामं घ्यायला लागली की तोच पैसा परिसरात दोन-तीन हात फिरतो. त्यामुळे ज्या गावात एकही पाहुणा राहत नाही ते गावसुद्धा पर्यटनातून कमवू शकतं, फक्त हे आपोआप होत नाही, खोल्या चालवणाऱ्यांनी ठरवावं लागतं की आपण भाजी या गावातून घ्यायची, थोडी महाग पडली तरी.

दुसरी गोष्ट पाळी, म्हणजे पाहुणे आळीपाळीने वाटून घेणं. लडाखमध्ये हिमबिबट्या बकऱ्या मारतो म्हणून लोक त्याच्यावर चिडलेले असायचे, तिथे स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने गावकऱ्यांबरोबर घरगुती मुक्कामाची सोय उभी केली, हेमिस राष्ट्रीय उद्यानातलं रुंबक हे त्यातलं एक माहितीचं गाव. तिथे पाहुणा कुणाच्या घरी जाणार हे पाळीने ठरतं, आज या घरी, पुढचा गट त्या घरी. यामुळे वाटेवर उभं राहून पाहुणे ओढायची गरज राहत नाही, भाव पाडायची गरज राहत नाही, आणि ज्याचं घर गावाच्या टोकाला आहे त्यालाही मिळतं. उत्पन्नातला एक हिस्सा गावाच्या सामाईक कामांसाठी बाजूला निघतो. आणि ज्या जनावराने आपली बकरी नेली तेच जनावर बघायला लोक येतायत आणि आपल्याकडे राहतायत म्हटल्यावर त्याच्याकडे बघायची नजरही बदलते.

पण पाळीतही एक खोच आहे, ती लपवू नये. ज्याने घर झकपक ठेवलं, संडास स्वच्छ ठेवला, त्यालाही तेवढेच पाहुणे आणि ज्याने काहीच केलं नाही त्यालाही तेवढेच. मग मेहनत कशाला करायची? यावरचा मार्ग असा की पाळीत यायची अट आधी ठरवायची. अमुक इतकी खोली, स्वच्छ अंथरूण, संडास, पिण्याचं उकळलेलं पाणी, हे असेल तरच नाव पाळीत येणार, आणि तपासणी शेजारच्या गावातल्या माणसांनी करायची. आपल्याच गावातल्या माणसाला नापास करणं जड जातं, चुलतभावाचं घर असतं, उद्या लग्नात समोरासमोर यायचं असतं. शेजारच्या गावाला ते सोपं जातं. गावं एकत्र येण्याचा हा फायदा फारसा कुणी बोलून दाखवत नाही पण माझ्या मते तो जाहिरातीपेक्षा मोठा आहे.

तिसरी गोष्ट भाव. नेपाळमध्ये अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्र १९८६ साली सुरू झालं, घांद्रुक गावापासून. तिथे येणाऱ्या ट्रेकर्सना प्रवेश फी भरावी लागते आणि तो पैसा संवर्धनाला आणि स्थानिक कामांना जातो. त्याच्या जोडीला लॉज चालवणाऱ्यांच्या कमिट्या झाल्या आणि त्यांनी खोलीचे आणि जेवणाचे दर मिळून ठरवले. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ही तर गिऱ्हाइकाची अडवणूक. पण डोंगरात काय होतं बघा, दहा लॉज आहेत आणि आज आठच पाहुणे आले तर प्रत्येक जण भाव खाली आणतो, शेवटी कुणीतरी खोली जवळजवळ फुकट देतो, मग तो खर्च कुठे वाचवतो तर कचऱ्यात, सरपणात, मजुरीत. स्वस्त खोलीचा भार जंगलावर येतो. तिथे दर ठरवण्याबरोबरच सरपणाऐवजी रॉकेल आणि दुसऱ्या इंधनांचा आग्रह धरला गेला, म्हणजे स्पर्धा कशावर करायची आणि कशावर नाही हे ठरवलं गेलं. चांगलं जेवण, चांगलं बोलणं यावर खुशाल करा, जंगल तोडून करू नका.

आणि चौथी गोष्ट, जिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं: ज्यांच्याकडे खोलीच नाही त्यांचं काय? बहुतेक गावांत पाहुण्यांना देण्यासारखी जास्तीची खोली ज्याच्याकडे असते तो आधीच जरा बरा असतो. भूमिहीन, म्हातारी एकटी बाई, मजुरीवर जाणारं घर, यांच्याकडे पाहुणे राहणार कुठे. पण गाड्यांचा धुरळा त्यांच्या दारातही येतो, उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येतं ते त्यांनाही. म्हणून सामाईक निधी हा दानधर्म समजायचा नसतो, ती भरपाई आहे. त्यातून शाळेचं छप्पर होईल, वाट दुरुस्तीची मजुरी होईल, दवाखान्यात न्यायला गाडी होईल, गावाने ठरवायचं, पण ज्यांच्या घरी एकही पाहुणा उतरला नाही त्यांना सांगता आलं पाहिजे की पर्यटनातून आम्हाला हे मिळालं. ते नसेल तर पाच वर्षांत गावाचे दोन तट पडतात, आणि ज्या गावातली निम्मी माणसं पाहुण्याकडे बघून तोंड फिरवतात त्या गावात पाहुणा परत येत नाही.

पैशाचं झालं. आता पाहुणा एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे जाणार कसा?

इथे मला स्पेनची गोष्ट सांगायलाच हवी. सांतियागो दे कोंपोस्तेला या शहराकडे जाणारी मध्ययुगापासूनची यात्रेची वाट आहे, कामिनो म्हणतात तिला, आणि विसाव्या शतकात ती जवळजवळ विसरली गेली होती. १९८० च्या दशकात ओ सेब्रेइरो या छोट्या डोंगरी गावातले पाद्री एलियास वालिन्या यांनी पिवळा रंग घेऊन झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण काढायला सुरुवात केली. बस, बाण. वाटेवरच्या गावांतल्या लोकांना, संघटनांना धरून त्यांनी हे काम पुढे नेलं. १९८७ साली युरोप परिषदेने या वाटेला आपला पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र घेणाऱ्यांची संख्या ४ लाखांच्या वर गेली. यातली शेकडो गावं अशी आहेत की त्यांच्यात बघण्यासारखं वेगळं असं काही नाही, ती फक्त वाटेवर आहेत, आणि चालणाऱ्याला दर वीस-पंचवीस किलोमीटरवर झोपायला लागतं. वाट हेच तिथलं आकर्षण आहे.

त्याच वाटेवर एक छोटं पुस्तकासारखं कार्ड मिळतं, प्रत्येक मुक्कामाला त्यावर शिक्का मारून घ्यायचा. एवढासा कागद, पण त्याने गावं एका माळेत ओवली जातात कारण शिक्क्यासाठी का होईना माणूस प्रत्येक गावात थांबतो. मात्र नियम कसा बनवता यावर गर्दी कुठे होणार हे ठरतं, हेही तिथेच दिसतं. प्रमाणपत्रासाठी पायी जाणाऱ्याला शेवटचे किमान १०० किलोमीटर चालावं लागतं, आणि सांतियागोपासून शंभराच्या थोडं पुढे सारिया नावाचं गाव आहे. मग काय, खूप मोठ्या संख्येने लोक सारियापासूनच सुरुवात करतात, तिथून पुढे झुंबड आणि मागच्या कित्येक गावांतून शांतता. एका आकड्याने हे झालं. म्हणून जेव्हा कुठली गावं मिळून पास, शिक्का, बक्षीस असं काही काढायचं ठरवतात तेव्हा त्यांनी आधी विचारायला हवं की या नियमाने पाहुणा कुठून शिरेल आणि कुठलं गाव वगळलं जाईल.

जपानच्या निगाता प्रांतातल्या एचिगो-त्सुमारीने याच्या उलटं केलं, मुद्दाम. तिथे प्रचंड बर्फ पडतो, तरुण शहरात गेलेले, गावं म्हातारी झालेली, शाळा बंद पडलेल्या. २००० साली तिथे दर तीन वर्षांनी भरणारा कला महोत्सव सुरू झाला, सुरुवातीला सहा नगरपालिका मिळून. पण कलाकृती एका मोठ्या संग्रहालयात न ठेवता सुमारे ७६० चौरस किलोमीटरच्या मुलखात, भातखाचरांत, रिकाम्या घरांत, बंद पडलेल्या शाळांत विखरून ठेवल्या. बघणाऱ्याची गैरसोय होते, दिवसात मोजक्याच बघून होतात. पण म्हणूनच तो राहतो, गावागावांतून जातो, रस्ता विचारतो. सुरुवातीला गावकऱ्यांचा याला चांगलाच विरोध होता, कला कशाला, आमच्याकडे माणसं उरली नाहीत आणि तुम्ही कला काय घेऊन आलात, आणि तो विरोध मला तरी अगदी रास्त वाटतो. वर्षानुवर्षं गावोगाव बैठका घेऊन तो निवळला. ज्यांना वाटतं की एका वर्षात चार गावांची मोट बांधता येईल त्यांनी ही वर्षं मोजावीत.

मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातलं उदाहरण आपल्या विषयाला सगळ्यात जवळचं. तिथल्या सिएरा नोर्ते डोंगरात झापोतेक लोकांची आठ गावं आहेत, मिळून त्यांना पुएब्लोस मांकोमुनादोस म्हणतात, म्हणजे जोडलेली गावं. जंगल सामाईक आहे. त्यांनी गावांना जोडणाऱ्या १०० किलोमीटरहून जास्त जुन्या वाटा पर्यटनासाठी खुल्या केल्या, गावोगाव लाकडी झोपड्या बांधल्या, वाटाडे गावातलेच, आणि बुकिंगसाठी शहरात एक सामाईक ऑफिस ठेवलं. पाहुण्याला आठ फोन करावे लागत नाहीत. तो म्हणतो मला तीन दिवस चालायचंय, ऑफिस सांगतं पहिली रात्र इथे, दुसरी इथे, एका गावचा वाटाडा त्याला पुढच्या गावापर्यंत सोडतो. एकट्या गावाला असं ऑफिस कधीच परवडलं नसतं.

एकत्र नाव वापरायला लागलं की एक नवी जबाबदारी येते, एका गावाने केलेली फसवणूक सगळ्यांच्या नावावर जाते. फ्रान्समध्ये १९८२ साली कोलोंज-ला-रूज गावचे महापौर शार्ल सेराक यांनी सुंदर गावांची संघटना काढली, सुरुवातीला साठेक गावं होती. आत यायचं तर लोकसंख्या २००० च्या आत हवी, गावात किमान दोन संरक्षित स्थळं किंवा वास्तू हव्यात, मग तपासणी. आणि एकदा आत आलं म्हणजे कायमचं असंही नाही, ठरावीक काळाने परत तपासणी होते आणि दर्जा घसरला की नाव काढून घेतात. लोकांना हे कठोर वाटतं. मला वाटतं काढून टाकायची सोय नसेल तर त्या नावाला काही किंमतच उरत नाही, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा.

सगळं जमलं आणि पाहुणे खरंच यायला लागले तर? यशाची अडचण वेगळीच असते. पर्यटनाचे अभ्यासक रिचर्ड बटलर यांनी १९८० साली पर्यटनस्थळांचा एक आलेख मांडला होता, आधी थोडे शोधक लोक येतात, मग स्थानिक सोयी करतात, मग गर्दी, मग बाहेरचा पैसा, मग साचलेपण, आणि पुढे एकतर उतरण किंवा नव्याने उभारी. सगळीकडे असंच होतं असं नाही पण खूप ठिकाणी ओळखीचं वाटतं. इटलीतली चिंक्वे तेर्रे म्हणजे पाच गावं समुद्रकाठच्या कड्यावर आहेत, १९९७ पासून जागतिक वारसा. त्या उतारांवर दगडावर दगड रचून बांधलेल्या ताली आहेत, शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं सांभाळलेल्या, आणि लोक बघायला येतात ते हेच. पण शेतीतलं कष्टाचं काम सोडून लोक शहरात गेले, काही पर्यटनात शिरले, ताली पडीक पडल्या, आणि पडीक ताल पावसात ढासळते आणि खालच्या वाटेवर येते. म्हणजे जे बघायला लोक येतात ते टिकवणारी माणसंच कमी होत गेली. तिथे पायवाटांसाठी कार्ड घ्यावं लागतं आणि त्या पैशातून वाटांची देखभाल होते.

आता टोर्बेलची गाय आठवा. हिवाळ्यात पोसता येईल तेवढ्याच गायी कुरणावर. गावांनी हाच प्रश्न स्वतःला विचारायचा आहे: वर्षातल्या सगळ्यात कठीण महिन्यात, जेव्हा विहिरीत तळ दिसतो, तेव्हा आपण गावाची गरज भागवून किती जादा माणसांना पाणी देऊ शकतो? तेवढ्याच खोल्या. सुगीच्या दिवसांत दुप्पट चालतील असा हिशोब केला की खोल्या बांधल्या जातात, कर्ज काढलं जातं, आणि मग कर्जाचा हप्ता कठीण महिन्यातही पाहुणे मागतो. इथे परत शेजारच्या गावाचा उपयोग होतो, एका गावाचं पाणी संपत आलं की पाहुणा दुसऱ्या गावात वळवता येतो, पण ते तेव्हाच जमतं जेव्हा बुकिंगची वही एकच असते.

बांधण्याच्याच बाबतीत, नवीन काही उभं करायच्या आधी गावातली कुलूप लागलेली घरं मोजा. इटलीतच फ्रिउली भागात १९७६ साली भूकंप झाला, नंतर दुरुस्त केलेली पण रिकामी राहिलेली घरं कशी वापरायची यातून विखुरलेल्या हॉटेलची कल्पना पुढे आली, पर्यटनाचे अभ्यासक जानकार्लो दाल्लारा यांनी ती विकसित केली. गावातली वेगवेगळी घरं म्हणजे हॉटेलच्या खोल्या, स्वागतकक्ष एकच, पाहुणा गल्लीतून चालत आपल्या खोलीवर जातो. नवी इमारत नाही, आणि गावातली माणसं तिथेच राहत असल्यामुळे पाहुण्याला गाव जिवंत दिसतं.

सरकारी अनुदानाबद्दल थोडं. अनुदान घ्यावं, नाही म्हणायचं कारण नाही, पण अनुदानासाठीच बनवलेली समिती अनुदानाबरोबरच संपते. युरोपमध्ये १९९१ पासून लीडर नावाची योजना आहे, तिच्यात गावांच्या परिसरातला स्थानिक गट स्वतः ठरवतो की पैसा कशावर खर्च करायचा, आणि त्या गटात निर्णयाचा ताबा कुठल्याही एका बाजूकडे, सरकारी यंत्रणेकडेसुद्धा, असू शकत नाही. ही अट छोटी वाटते पण त्यामुळे गावकरी, दुकानदार, शेतकरी, महिला गट यांनी मिळून नको म्हटलं तर ते नकोच राहतं.

तर सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी सांगेन, लोगो नंतर करा. तीन गावं घ्या, दहा नको. प्रत्येक गावातून चार माणसं, त्यातल्या निदान दोन बायका, कारण पाहुण्यांचं निम्म्याहून जास्त काम घरात त्याच करतात आणि मीटिंगमध्ये मात्र त्यांना मागे बसवलं जातं. एक मोठा कागद पसरा, त्यावर तिन्ही गावं, वाटा, विहिरी काढा. कुठल्या वाटेने पाहुण्याने जाऊ नये तेही काढा, म्हाताऱ्या माणसांना विचारून, कारण काही जागा दाखवायच्या नसतात आणि ते गावानेच ठरवायचं असतं. मग एका ओळखीच्या गटाला, चार-पाच जणांना, दोन रात्री फिरवून आणा आणि परत आल्यावर त्यांना विचारा की कंटाळा कुठे आला, भीती कुठे वाटली, कुठे पैसे द्यायला तयार होता पण घ्यायला कुणी नव्हतं. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त शिकवतो.

आणि फोन. तिन्ही गावांचा एकच नंबर, तो उचलणारी एकच व्यक्ती, आणि त्या व्यक्तीला पहिल्या महिन्यापासून पगार, थोडा का असेना, तिन्ही गावांनी मिळून दिलेला. फुकट काम करणारा उत्साही तरुण सहा महिने फोन उचलतो, मग त्याला दुसरीकडे नोकरी लागते आणि तो गेल्यावर फोन वाजत राहतो. बुकिंगची वही त्याच व्यक्तीकडे, कुठल्या घरी कधी पाहुणे गेले आणि किती पैसे आले ते त्यात लिहिलेलं, आणि महिन्यातून एकदा ती वही चावडीवर उघडी ठेवायची, कुणीही येऊन पान उलटून बघावं.